चौदा टनांचं हाड

रविवारी सकाळी साडेआठला रांगेचं शेपूट वजनकाट्याला वळसा घालून खडीच्या ढिगापर्यंत पोचलं होतं. एवढी लंगडणारी माणसं मी एका जागी कधी पाहिली नव्हती. कुणी काठी टेकत होतं, कुणी सुनेच्या खांद्यावर भार टाकून उभं होतं, आणि एक निवृत्त पोस्टमन दर दोन पावलांनी थांबून आपला गुडघा कसा कटकट वाजतो ते मागच्यापुढच्यांना ऐकवत होता. ऐकणारे आपापले गुडघे वाजवून त्याला उत्तर देत होते.

रांग शिरत होती सिमेंटच्या जुन्या गोदामात. पूर्वी जिथे पोती रचलेली असायची तिथे दवाखान्यातली चाकांची खाट होती, खाटेवर लाल मखमल आणि मखमलीवर एक मांडीचं हाड. लांबी सत्तर सेंटिमीटर, मधला घेर त्रेसष्ट. म्हणजे जवळजवळ जेवढी लांबी तेवढाच घेर. तेल चोळून चोळून ते नव्या बुटासारखं चकचकीत केलेलं होतं. त्याच्यामागे पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात अस्थिबाबा उभे होते आणि त्यांच्या हातात माईक होता.

"हे हाड नाही, हे पोट आहे," बाबा सांगत होते. "कसलं पोट? दुखण्याचं पोट. हा पृथ्वीवरचा पहिला वैद्य. लोकांची दुखणी पीत गेला, पीत गेला, पीत गेला. किती प्यायला?"

"चौदा टन," रांग म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"विज्ञान म्हणतं."

"कुठं म्हणतं?"

सगळ्या रांगेनं एकदम वर पाहिलं. हाडाच्या वर, भिंतीवर, सोनेरी चौकटीत दोन कागद होते. एक वर्तमानपत्राचं कात्रण: 'चौदा टनांचा महाकाय, संग्रहालयातील तज्ज्ञांचा निर्वाळा.' दुसरं संग्रहालयाच्या छापील कागदावरचं एका ओळीचं पत्र, खाली तज्ज्ञांची झोकदार सही. ते तज्ज्ञ त्या वेळी गोदामातल्या तिसऱ्या खांबामागे, भर उन्हाळ्यात कानाला मफलर गुंडाळून उभे होते. तज्ज्ञ म्हणजे मी.

मफलर सैल करून मी विधी नीट पाहिला. बाबा रिळावरचा दोरा हाडाच्या मध्यावर गुंडाळत, दोन टोकं बरोबर जुळली की कात्रीनं कापत, पितळी भांड्यातल्या मंतरलेल्या पाण्यात बुडवत आणि रोग्याच्या गुडघ्याला बांधत. सात दिवस दोरा काढायचा नाही. रोज कढत पाण्यानं गुडघा शेकायचा, दोऱ्यासकट. आठव्या दिवशी गाठ सोडून तोच दोरा पुन्हा हाडाला गुंडाळायचा. आणि काय आश्चर्य, तो पुरायचा नाही. दोन बोटं कमी पडायचा. दोऱ्याची दोन टोकं एकमेकांकडे बघत राहायची आणि मधून हाड दिसायचं.

"हाड वाढलं," बाबा म्हणायचे. "का वाढलं? तुमचं दुखणं प्यायलं म्हणून. गुडघा रिकामा, पोट भरलं. पुढचा."

पुढची माझी ताई होती.

तिचाही दोरा दोन बोटं कमी पडला. तिनं नवा दोरा बांधून घेतला, हात जोडले, माझ्या सहीकडे पाहून समाधानानं हसली आणि दाराकडे निघाली. ती जाताना मी तिच्या पायाकडे पाहत होतो. महिन्यापूर्वी ती लंगडत होती. आता ती पाय ओढत होती.

आता या सहीची कुळकथा सांगणं भाग आहे, आणि ती सांगताना माझी फारशी शोभा होणार नाही.

मी संग्रहालयात हाडं मोजतो. दीड वर्षापूर्वी खडीच्या खाणीत सुरुंग उडाला आणि एकाच जनावराच्या दोन मांड्या बाहेर आल्या. उजवी संग्रहालयात आली. डावी 'उद्या पाठवतो' असं म्हणत वजनकाट्यावरच्या कारकुनानं ठेवून घेतली. जनावर होतं स्लॉथ. आजचा स्लॉथ म्हणजे झाडाला उलटं लटकून जन्म काढणारा, पान तोडायला हात पुढे करायचा तरी दुपारपर्यंत विचार करणारा जीव. माझ्या बायकोनं त्याचं चित्र पाहिलं आणि मला विचारलं, "हा तुमच्या ऑफिसात कामाला होता का?" पण त्याचे नामशेष झालेले चुलते वेगळे होते. ते जमिनीवर राहायचे, हत्तीच्या खांद्याला खांदा लावतील एवढे असायचे, आणि मागच्या दोन पायांवर शेपटीचा टेकू घेऊन उभे राहायचे नि झाडं ओरबाडायचे.

एवढ्याशा हाडावरून सबंध जनावराचं वजन काढणं हा माझा धंदा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. हत्ती, गेंडा, बैल, घोडा अशा जिवंत प्राण्यांची वजनं आणि त्यांच्या हाडांचे घेर मांडून कुणी शहाण्यांनी सूत्र बसवलेलं आहे. हाड जितकं जाड, तितका भार त्यानं पेललेला असणार, असा हिशेब. घेर घालायचा, वजन काढायचं. मी घेर घातला. कॅल्क्युलेटरनं चौदा टन दिले. बऱ्यापैकी अक्कल असलेला माणूस इथे थांबला असता. मी चहा मागवला आणि वार्ताहराला फोन केला.

हाडाच्या लांबीवरून वजन काढायचंही सूत्र आहे. ते लावलं असतं तर तेच जनावर सव्वा टनावर आलं असतं. ते मी लावलं नाही. चौदा हा आकडा मला आवडला होता.

बातमी छापून आली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. माझं स्वतःचं वजन बावन्न किलो, पण गल्लीत मला 'चौदा टन' म्हणायला लागले. न्हावी मला नंबर नसताना खुर्चीत बसवायचा. वजनकाट्यावरचा तो कारकून पत्र मागायला आला तेव्हा "साहेब, तुमच्यासारख्यांचं एक अक्षर आमच्याकडे असावं" असं म्हणाला. अक्षर कशाला हवं, डावी मांडी कधी देतोस, हे मी विचारायला हवं होतं. मी पेनात शाई आहे की नाही ते पाहिलं.

दोन महिन्यांनी खाणीत त्याच जनावराचं दंडाचं हाड सापडलं. त्याचा घेर सूत्रात घातला तर वजन आलं अडीच टन. एका जनावराची तीन वजनं. आमच्या संचालकबाईंनी माझ्या टेबलावर दोन्ही हाडं शेजारी ठेवली.

"हे सूत्र चारही पायांवर सारखं चालणाऱ्यांचं आहे," बाई म्हणाल्या. "तुमचं जनावर सगळा भार मागे टाकून उभं राहायचं. त्याची मांडी जाड असणारच. ज्यांचे पुरते सांगाडे सापडलेत त्या त्याच्या भावकीशी ताडून बघा."

बघितलं. साडेतीन ते चार टन. "दुरुस्ती छापायला पाठवा," बाई म्हणाल्या. मी हो म्हणालो, दुरुस्ती सुवाच्य अक्षरात लिहिली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. तिथे ती वर्षभर सुखरूप होती. चौदाचे चार झाल्यावर न्हाव्याकडे माझा नंबर कितवा लागेल याची मला काळजी होती.

त्याच वर्षात कारकुनाचा अस्थिबाबा झाला.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनं पायमशीनवर लोकांचे कपडे शिवून मला शिकवलं. माझ्या पदवीचा प्रत्येक टाका तिच्या उजव्या पायानं घातलेला आहे, आणि त्याच पायाचा गुडघा गेल्या वर्षी सुजला. डॉक्टरबाईंनी गुडघ्यातलं पाणी तपासून सांगितलं, हा गुडघ्याचा क्षय आहे, गोळ्यांनी बरा होतो, पण वर्ष-दीड वर्ष एकही दिवस न चुकवता घ्यायच्या. चार महिन्यांनी सूज उतरायला लागली. नेमकी तेव्हाच शेजारीण तिला गोदामात घेऊन गेली.

त्या रविवारी मी तिच्या मागोमाग तिच्या घरी गेलो.

"गोळ्या?" मी विचारलं.

"बंद केल्या. सहा आठवडे झाले. बाबा म्हणाले, एका पातेल्यात दोन औषधं शिजत नाहीत."

"ताई, तू असल्या ठिकाणी जातेस?"

"का? असल्या ठिकाणी तुझी सही चालते, मी नाही चालत?"

मी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. "सूज पुन्हा वाढलीय, दिसतंय मला."

"वाढलीय," ती शांतपणे म्हणाली. "रात्री दुखतोही. पण दोरा तर कमी पडला ना? म्हणजे दुखणं निघतंय. गुडघ्याला कळायला वेळ लागत असेल." मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "मी काही अडाणी नाही रे. भिंतीवर नुसता बाबांचा फोटो असता तर मी उंबऱ्यावरूनच परत आले असते. तुझी सही होती म्हणून आत गेले."

हे वाक्य मला कुठे लागलं ते सांगत नाही. पण घरी जाऊन दुरुस्तीचा कागद बाहेर काढण्याऐवजी मी काय केलं, तर बाबाला उघडं पाडायचं ठरवलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढणं केव्हाही सोपं असतं.

माझी योजना अशी. मी निरोगी माणूस. माझा गुडघा दुखतच नाही, तर हाड काय पिणार? म्हणून दोरा बांधून घ्यायचा, सात दिवसांनी गुंडाळायचा, आणि तरीही तो कमी पडला की म्हणायचं, बघा. त्याच संध्याकाळी, पुढच्या रविवारची वाटही न पाहता, मी गोदामात जाऊन पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मफलर घरी राहिला होता. बाबांनी मला तत्काळ ओळखलं, प्रेमानं "या, चौदा टन साहेब" म्हणाले, टेबलावरचं रीळ उचललं, खाली ठेवलं, आणि खांद्यावरच्या पिशवीतून दुसरं रीळ काढून त्याचा दोरा कापला. ते मी पाहिलं. पण हाडं मोजणाऱ्याला दोऱ्यात काय कळतं?

सात दिवस मी गुडघा कढत पाण्यानं शेकला. बायको म्हणाली, "निदान एक तरी अवयव स्वच्छ झाला." आठव्या दिवशी भरल्या गोदामात बाबांनी माझा दोरा हाडाला गुंडाळला. टोकाला टोक बरोबर जुळलं. केसाचाही फरक नाही.

"हाड वाढलं नाही," मी विजयानं ओरडलो. "बघा सगळ्यांनी, हाड वाढत नाही."

बाबांनी माईक तोंडाशी नेला. "ऐकलंत? चारशे लोकांचं हाड वाढलं, साहेबांचं नाही वाढलं. का? श्रद्धा नाही. जिथं श्रद्धा नाही तिथं हा हलत नाही. साहेब, तुमचे उपकार. हे आम्ही सांगून लोकांना पटलं नसतं."

गोदाम हसलं. पोस्टमननं माझी पाठ थोपटली आणि "होईल, होईल, विश्वास ठेवा" म्हणाला. त्या दिवशी रांग नेहमीपेक्षा लांब होती. हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय, हे मला बावन्न किलोंच्या प्रत्येक किलोत कळलं.

दुपारी मी ताईकडे गेलो. ती मशीनसमोर बसली होती, पण पाय पुढे लांब करून. मशीन बंद होतं. मी खिशातला दोरा तिच्या पुढ्यात टाकला.

"घे. अश्रद्धेचा दोरा."

तिनं तो सहज उचलला, सवयीनं चिमटीत फिरवला, आणि तिची बोटं थांबली.

"हा कुठल्या रिळाचा?"

"बाबांच्याच. पिशवीतल्या."

तिनं स्वतःचा दोरा काढला. डावा हात एकावर, उजवा दुसऱ्यावर. डोळे मिटून ती दोन्ही चोळत राहिली. मग काठी घेऊन स्वयंपाकघरात गेली, गॅस पेटवला आणि चिमट्यात धरून आधी तिच्या दोऱ्याचं टोक ज्योतीत नेलं. ते कागदासारखं जळलं आणि त्याची राख ओट्यावर पडली. मग माझ्या दोऱ्याचं टोक नेलं. ते आक्रसलं, वितळलं आणि त्याचा कडक काळा मणी झाला.

"माझा सुती, तुझा नायलॉन," ती म्हणाली. "कापड ओळखायचं असलं की आम्ही हेच करतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझा दोरा पाण्यात आखडत नाही, माझा आखडतो. कोरा, पीळदार सुती दोरा कढत पाण्यात सात दिवस ठेवला तर आखडणार नाही तर काय होणार?" ती स्टुलावर बसली. "सुती कापड बेतायच्या आधी पाण्यातून काढायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात सदरा बाळाला येतो. शिकायला येणाऱ्या मुलींना मी हे पहिल्या दिवशी सांगते. पहिल्या दिवशी. आणि सात आठवडे असलाच दोरा माझ्या पायाला होता."

ती रडली नाही. तिला स्वतःचा भयंकर राग आला होता. मला तिच्याकडे पाहवेना.

"कापड म्हणून हातात आला असता तर लगेच कळलं असतं," ती म्हणाली. "देवाचा म्हणून बांधला ना, म्हणून बोटांना विचारलंच नाही." मग तिनं मान वर केली. "तुझे चौदा टन तरी खरे आहेत ना?"

मी ओट्यावरची राख पुसायला घेतली.

"खरे आहेत ना, विचारते."

मग मी सगळं सांगितलं. घेर, सूत्र, दंडाचं हाड, ड्रॉवर, न्हावी. ती ऐकत होती आणि तिच्या भुवया वर वर चालल्या होत्या.

"म्हणजे हातात नुसती बाही आली," ती म्हणाली, "आणि तिच्यावरून तू पोटाचं माप काढलंस?"

"तसंच काहीसं."

"आणि बाही कुणाची, हेही न बघता? हमालाचा दंड जाड असतो, म्हणून काय त्याला हत्तीची पॅन्ट शिवायची?"

"सूत्र चुकीचं नाही, ताई. ते त्याच्या जातीच्या—"

"सूत्राला कोण काय म्हणतंय? आमच्याकडे असं कापड वाया घालवलं की गिऱ्हाईक तोंडावर फेकून जातं. तुझं गिऱ्हाईक मेलेलं, म्हणून तू वाचलास." तिनं गॅस बंद केला. "रविवारी हे तिथे सांग. सगळ्यांसमोर."

"मी दुरुस्ती छापायला पाठवतो ना उद्याच."

"छापलेलं कोण वाचतं? ते भिंतीवर लावलंय."

दुसऱ्या दिवशी ती आधी डॉक्टरबाईंकडे गेली आणि शिव्या खाऊन गोळ्या घेऊन आली. रविवारी आम्ही दोघं गोदामात होतो. तिच्याकडे काठी, पिशवीत थर्मास, स्टीलचा वाडगा, टॉवेल आणि इस्त्री. माझ्याकडे वर्षभर ड्रॉवरमध्ये मुरलेला कागद.

"बाबा, आज दोन्ही गुडघे," ताई म्हणाली. "दोन दोरे द्या. टेबलावरच्याच रिळाचे."

जुनी भक्त. बाबांनी आनंदानं दोन दोरे हाडाभोवती मोजून कापले. भांड्याकडे नेणार, तोच तिनं ते हातातून काढून घेतले.

"पाणी मी आणलंय."

एक दोरा तिनं पोस्टमनच्या मुठीत दिला आणि मूठ मिटून घेतली. दुसरा वाडग्यात टाकून त्यावर थर्मासमधलं कढत पाणी ओतलं, चोळला, पिळला. मग तिनं प्लग शोधला. एकच होता. तिनं लाउडस्पीकरची पिन काढून तिथे इस्त्रीची लावली. त्या गोदामात पहिल्यांदाच शांतता झाली. टॉवेलाच्या घडीत ठेवून, न ताणता, तिनं दोरा वाळवला.

"हा काय प्रकार आहे?" बाबा म्हणाले. माईकशिवाय त्यांचा आवाज अगदीच कारकुनाचा होता.

"आता गुंडाळा," ताई म्हणाली. "आधी हा धुतलेला."

बाबा पुढे झाले नाहीत. रांगेतल्या एका बाईनं गुंडाळला. दोन बोटं कमी.

"वाढलं," रांगेतून कुणीतरी सवयीनं म्हणालं.

"वाढलं? बरं. आता पोस्टमनकाका, तुमच्या मुठीतला."

पोस्टमननं मूठ उघडली. कोरा, कोरडा दोरा त्यानं स्वतःच्या हातानं हाडाभोवती नेला. टोकाला टोक जुळलं. त्यानं पुन्हा गुंडाळून पाहिला. पुन्हा जुळलं.

"एकाच वेळी, एकाच हाडाला," ताई म्हणाली. "एक दोरा म्हणतो वाढलं, एक म्हणतो तेवढंच आहे. माझ्या गुडघ्याला दोघांपैकी एकही लागलेला नाही. मग दुखणं कुणाचं प्यायलं? हाड वाढत नाही, बाबा. दोरा आखडतो."

पोस्टमन हातातल्या दोऱ्याकडे बघत राहिला. बाबा मात्र वजनकाट्यावर घडलेला माणूस. खडीवर पाणी मारून वजन वाढवतो अशा तक्रारी त्याच्याबद्दल तेव्हाही होत्या. पाण्यानं माप बदलतं हे त्याला आमच्याआधी ठाऊक होतं. त्यानं भिंतीकडे बोट केलं.

"दोऱ्याचं सोडा. चौदा टन खोटे आहेत का? असलं जनावर असतं का कुठं? हे तर विज्ञान म्हणतं. ही सही खोटी आहे का?"

सगळी रांग माझ्याकडे वळली. पाठीत ताईची काठी टोचली.

"सही खरी आहे," मी म्हणालो. "आकडा खोटा आहे."

कागद हातात असून मी तो वाचला नाही. मी तोंडानंच सांगितलं. हे हाड माणसाचं नाही, वैद्याचं नाही, पानं खाणाऱ्या एका जनावराचं आहे. ते मागच्या पायांवर उभं राहायचं, म्हणून त्याची मांडी जाड. मी हत्ती-घोड्यांच्या मापानं त्याला मोजलं आणि फसलो. खरं वजन साडेतीन ते चार टन. हे मला वर्षभरापासून माहीत होतं आणि मी बोललो नाही, कारण चौदा टन म्हणून घ्यायला बरं वाटत होतं. तुमच्यातले काही माझ्या सहीमुळे इथे आले. माझी बहीणही. तिनं गोळ्या सोडल्या. चूक माझी आहे.

पोस्टमननं विचारलं, "काल चौदा, आज चार. मग आज तुमचं खरं धरायचं कशावरून?"

प्रश्न रास्त होता.

"माझ्या शब्दावरून धरू नका," मी म्हणालो. "संग्रहालयात उजवी मांडी आहे, दंड आहे, पुरत्या सांगाड्यांची मापं आहेत. या, मोजा. चुकलो तर पुन्हा सांगा."

"याची चूक याच्याच ऑफिसातल्या बाईंनी काढली," ताई म्हणाली. "बाबांची आजवर कुणी काढली? काढू दिली?"

पोस्टमननं वाकून गुडघ्याचा दोरा सोडला, वाडग्यात टाकला आणि बोटानं ढवळत बसला. मग त्यानं बाबांची पिशवी उघडली. आत नायलॉनचं रीळ होतं, शंका विचारणाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं. ते हातोहात रांगेच्या शेवटापर्यंत गेलं. ते परत येईपर्यंत बाबा मागच्या दारानं गेले होते. सगळ्यांना पटलं असं मात्र नाही. इस्त्रीच्या झळीनं हाडाची शक्ती गेली, असं अजूनही दोघंतिघं सांगतात. त्यातला एक आमचा न्हावी आहे.

डावी मांडी आता संग्रहालयात उजवीच्या शेजारी आहे. मी नवी पाटी लिहिली: वजन साडेतीन ते चार टन, याआधी जाहीर केलेलं चौदा टन वजन चुकीच्या पद्धतीनं काढलं होतं. गल्लीत मला अजून 'चौदा टन' म्हणतात, पण आता हसून म्हणतात.

वाचकहो, या गोष्टीत बाबाला पकडायला मोठी विद्या लागली नाही. एक वाडगा पाणी लागलं आणि एक कोरडा दोरा लागला. कुणी चमत्कार दाखवला तर तो ज्या मापानं दाखवला ते माप आधी तपासा. भिंतीवर तज्ज्ञाची सही असेल तर तज्ज्ञालाही तपासा; आमच्यातही चुकणारे असतात, आणि चूक ड्रॉवरमध्ये ठेवणारेही. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, बरं वाटायला लागलं तरी, सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्या. ताईला त्या पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू कराव्या लागल्या. सूज गेली, पण गुडघा पुरता वाकत नाही. मधले सात आठवडे गेले नसते तर वाकला असता, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

परवा ती पाटी बघायला आली होती. चष्मा लावून तिनं ती दोनदा वाचली.

"खाली सही नाही," ती म्हणाली.

"चुकीखाली कोण सही करतं, ताई?"

"चौदा टनांखाली केली होतीस."

मी पेन काढलं आणि सही केली. मग ती निघाली. संग्रहालयाच्या दाराशी तीनच पायऱ्या आहेत. उजवा पाय सरळ ठेवून, कठड्याला धरून, एकेक पायरी ती उतरत होती. मी हात पुढे केला, तेव्हा तिनं तो घेतला.